बाबांची वही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोन-तीन जणांनी विचारलं, "काय रे, ब्लॉग बंद केलास का?" बंद नाही केला. लिहायला घ्यायचो आणि विषय फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा. त्या विषयावर लिहायची हिंमत होत नव्हती. आज होतेय असं वाटतंय, तेव्हा लिहून टाकतो.

विषय म्हणजे आमच्या बाबांचं रक्त. ते किती पातळ असावं, हा.

आमचे बाबा नांदुऱ्याच्या बाजारात मापाडी होते. कापूस, ज्वारी, तूर, पुढे सोयाबीन... आयुष्य काट्यासमोर उभं राहून गेलं. मूळ गाव पूर्णेच्या काठचं. म्हणजे खारपाणपट्टा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा जातो. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं पण खारट. आमची आजी म्हणायची, "आपल्या इथं वरणात मीठ कमीच टाकावं लागते, इहिरीनं अगोदरच टाकलेलं असते." संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांमधल्या किडनीच्या आजाराच्या बातम्या पेपरात वर्षानुवर्षं येतात. बाबांची किडनी त्या पाण्याने गेली की कित्येक वर्षं न तपासलेल्या बीपीने, हे कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, कारण एकच असतं असं नाही. असो.

तर २०१९ साली, बाबा ७१ वर्षांचे असताना, क्रिएटिनिन दोनच्या पुढे गेलेलं होतंच. त्यातच एक दिवस म्हणाले, "छातीत पारवा फडफडल्यावानी होऊन राह्यलं." डॉक्टरांनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग ईसीजी काढला. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. नाडीला ताल राहत नाही. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन धावत आलेले. ताल चुकला म्हणून माणूस लगेच जात नाही. धोका वेगळाच असतो. थरथरणाऱ्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचून राहतं, तिथे गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा.

लकवा म्हटल्यावर आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मोठे काका आठ वर्षं खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. त्यांना शब्द एकच उरला होता, "बरं". पाणी हवं तरी "बरं", राग आला तरी "बरं". त्यांचं सगळं बाबांनीच केलं. त्यामुळे डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू करू म्हटल्यावर बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न मी विचारले. घरी येऊन नेटवर वाचत बसलो. (वाचू नये म्हणतात, पण राहवतं का?) आणि या गोळीची जी गोष्ट सापडली ती फार भारी आहे.

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाई-बैल आपोआप रक्त वाहून मरायला लागले. शिंगं छाटली, किरकोळ जखम झाली, की रक्त थांबेचना. कारण निघालं चाऱ्यात. आपल्या लसूणघासासारखं एक गवत तिथे असतं, स्वीट क्लोव्हर. ते ओलं राहून बुरशी लागली की त्यात हा दोष तयार होतो. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी भर बर्फाच्या वादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. सोबत मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताचा डबा आणि तो सडका चारा. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याने ते सगळं नेऊन ठेवलं. त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढायला लिंकच्या मंडळींना सहाएक वर्षं लागली. त्याच कुळातलं एक औषध पुढे १९४८ मध्ये बाजारात आलं. वॉरफरिन. कशासाठी आलं? उंदीर मारायला! माणसांसाठी मंजुरी मिळाली १९५४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं गेलं.

बाबांची गोळी याच घराण्यातली. असेनोकुमारॉल. मी मोठ्या उत्साहाने ही गोष्ट बाबांना सांगितली. बाबांनी गोळी तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी जरा वरखाली केली आणि म्हणाले, "म्हंजे तू मले उंदराचं औषध देऊन राह्यला. बरं हाय. घरात उंदीर तसेबी लय झाले."

त्या दिवसापासून वही सुरू झाली. जुन्या मापाच्या वहीसारखीच, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख, गोळी किती (अर्धी, पाऊण, एक), बीपी आणि आयएनआर. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा. साधारण माणसाचा १, बाबांचा हवा २ ते ३ च्या मध्ये. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्रावाची. बाबांना हे इतकं पटकन कळलं की मीच चकित झालो. पण त्यात चकित होण्यासारखं काय होतं? आयुष्यभर काटा मध्ये आणण्याचंच काम केलेला माणूस तो.

जेवणाची मात्र पंचाईत झाली. ही गोळी शरीरातल्या 'के' जीवनसत्त्वाला अडवते आणि ते असतं हिरव्या पालेभाज्यांत. आईला वाटलं भाजी बंद. डॉक्टर म्हणाले बंद नको, पण रोज साधारण सारखीच हवी. आज नाही आणि उद्या ताटभर, असं चालणार नाही. इकडे किडनीवाले डॉक्टर म्हणतात पोटॅशियम सांभाळा, ते वाढलं तर हृदयाचा ताल आणखी बिघडेल. म्हणून पालेभाजी उकळून पाणी फेका, केळं नको, नारळपाणी नको, टोमॅटो बेताने. आई एक दिवस वैतागून म्हणाली, "एका डाक्टरनं हृदय घेतलं, एकानं किडनी घेतली, आता माणूस कोनाकडं हाय ते सांग!" या एका वाक्यात अख्खं वैद्यकशास्त्र आलं असं मला अजूनही वाटतं.

चार वर्षं बरी गेली. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

२०२३ च्या दिवाळीनंतर बाबांची दाढ दुखायला लागली. रात्रभर झोप नाही. मला दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं होतं. घाईत एका मेडिकलमधून दाढदुखीच्या गोळ्या आणल्या. पाच दिवसांच्या. दुखणं थांबायची एक, इन्फेक्शनची एक. दुकानदाराने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, "डाक्टरले विचारलं का?" मी म्हणालो, "दाढेच्या गोळीला काय विचारायचं, बाबा?"

हे वाक्य मी विसरायचा खूप प्रयत्न केलाय.

दुखणं थांबवणारी गोळी होती डायक्लोफेनॅक. ती जठराला ओरखडते आणि दुबळ्या किडनीचं उरलंसुरलं रक्त तोडते. दुसरी होती मेट्रोनिडाझोल. ती रक्त पातळ करणाऱ्या या गोळीचा निचरा अडवते, म्हणजे रोजचीच गोळी दुप्पट जोराने लागू पडते. हे मला नंतर कळलं. पाचव्या-सहाव्या दिवशी बाबांना डांबरासारखी काळी शौचाला झाली. ते कोणाला बोलले नाहीत, कारण किडनीच्या रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी तसाही रंग काळा होतो. वहीत मात्र नोंद होती. तारीख, आणि पुढे पेन्सिलने बारीक अक्षरात: "काळी. लोह असेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. अकोल्याला नेलं. आयएनआर ७.८. हिमोग्लोबिन साडेपाच. रक्ताच्या दोन पिशव्या, 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. दुर्बिणीतून जठरात जखम दिसली. क्रिएटिनिन २.४ वरून ३.६. मी आयसीयूच्या बाहेर ती वही मांडीवर घेऊन बसलो होतो. पेन्सिलीची ती ओळ किती वेळा वाचली असेल कोण जाणे.

बाबा वाचले. क्रिएटिनिन २.९ पर्यंत उतरलं आणि तिथेच थांबलं. २.४ पुन्हा कधी दिसलं नाही. तो अर्धा आकडा माझ्या नावावर आहे.

खरा प्रश्न डिस्चार्जच्या वेळी आला. गोळी पुन्हा सुरू करायची की नाही?

डॉक्टर भले माणूस. खुर्ची ओढून बसले आणि नीट समजावून सांगितलं. किडनी खराब असली की दोन्ही धोके वाढतात, गुठळीचाही आणि रक्तस्रावाचाही. म्हणजे ज्याला गोळीची गरज जास्त, त्यालाच ती बाधायची शक्यताही जास्त. नव्या गोळ्या आहेत. त्यातली डॅबिगाट्रान जवळजवळ ८० टक्के किडनीवाटे बाहेर पडते, ती तुमच्या कामाची नाही. अपिक्साबान साधारण २७ टक्केच किडनीवाटे जाते. तिला दर महिन्याला आयएनआर लागत नाही, पालेभाजीचं बंधन नाही. डोस कमी करायचा नियमही ठरलेला आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन दीड किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन लागू असतील तर अडीच मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. बाबांचं वजन ५४. म्हणजे दोन लागू.

मी विचारलं, "मग हीच सुरक्षित ना?"

ते म्हणाले, "अठरा हजारांवर पेशंटांचा मोठा अभ्यास आहे, २०११ चा. त्यात जुन्या गोळीपेक्षा हिच्याने रक्तस्राव कमी झाला. पण क्रिएटिनिन अडीचच्या वर असलेले लोक त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. तुमचे बाबा त्या अभ्यासात नाहीत. मी अंदाज सांगू शकतो, खात्री नाही."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर भेटला की आधी माणूस घाबरतो. धीर येतो तो नंतर.

मला वाटत होतं, नकोच. पुन्हा ते काळं, ती आयसीयू... आईला काका आठवत होते. तिचं म्हणणं, गोळी द्याच. आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये हळू आवाजात वाद घालत होतो. शेवटी मी आत जाऊन बाबांना विचारलं. त्यांना विचारायचं असतं हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं!

बाबा म्हणाले, "रक्त गेलं तं दोन बाटल्या भरता आल्या. वाचा गेली तं कोण भरते? मले 'बरं' म्हनत पडून राह्याचं नाही."

मी म्हणालो, "बाबा, पण खात्री नाही म्हणतात डॉक्टर."

"अरे, काट्यावर पारडं कधी थांबते का? हालतच राह्यते. मधात हाय का ते पाहाचं, अन् हात नाही लावाचा. तू हात लावला."

एवढंच. रागावून नाही, आवाज न चढवता. माझ्या चुकीबद्दल ते आजवर एवढंच बोललेत.

जठराची जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी, अपिक्साबान सुरू झाली. सोबत आम्लाची गोळी. सकाळी आठ, रात्री आठ. आज बाबा ७७ वर्षांचे आहेत. डायलिसिस अजून नाही, पण लांबही नाही. पुढेमागे तेही करावं लागेल, आणि तिथे यंत्रात रक्त गोठू नये म्हणून आणखी एक औषध असतं. तेव्हा पुन्हा नवा हिशेब. दर तीन महिन्यांनी आम्ही अकोल्याला जातो. जलंब, शेगाव, पारस... शेगाव आलं की बाबा खिडकीतूनच हात जोडतात. परत येताना हायवेवरचा १०५ फुटी मारुती पाहिल्याशिवाय त्यांना घरी आल्यासारखं वाटत नाही, म्हणून स्टेशनवरून ऑटो तिकडून घ्यायचा. वळसा पडतो, पण पडू दे.

वही चालू आहे. आयएनआरचा रकाना गेला, त्या जागी हिमोग्लोबिन आलं. शौचाचा रंग आता पेनने लिहितात, आणि मला दाखवतात. मी घरातल्या दारामागे एक कागद चिकटवलाय: बाबांची सगळी औषधं, आणि खाली मोठ्या अक्षरात, 'दाढ असो, गुडघा असो, सर्दी असो, आधी फोन.' बाबांच्या खिशातही तसाच एक कागद असतो.

आता वाचणाऱ्या नातेवाइकांना एक हात जोडून विनंती. पुण्याची आत्या, भुसावळचे मामा, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. किडनीसाठी अमुक पाल्याचा काढा, तमुक भस्म, फोनवर बाबांना सांगू नका. तुमचं प्रेम कळतं. पण एकदा प्रेमानेच हात लागला होता काट्याला. माझाच.

आठ वाजत आलेत. गोळीची वेळ झाली. पुन्हा कधीतरी.