बंपरच्या आत काय असतं?



बल आणि गती शिकवायची वेळ आली की आपण सगळे तीच उदाहरणं देतो. दार ढकलणे, बादली उचलणे, चेंडू झेलणे. उदाहरणं चुकीची नाहीत, पण मुलांना ती इतकी पाठ झालेली असतात की प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं. गेल्या सत्रात मला एक नवं उदाहरण मिळालं. ते गॅरेजमध्ये मिळालं आणि त्यासाठी चार हजार रुपये मोजावे लागले, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

आमच्याकडे जुनी एस्टेट गाडी आहे. एस्टेट म्हणजे जिची डिकी छतापर्यंत वर गेलेली असते, ज्याला बरेच जण स्टेशन वॅगन म्हणतात. आपल्याकडे टाटा इस्टेट आली 1992 मध्ये, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. लोकांना लांबट गाडी काही आवडली नाही, त्यामुळे सेकंडहँडमध्ये ती स्वस्त मिळते. आमची त्यातलीच एक. कोणती ते इथे महत्त्वाचं नाही, कारण मागच्या बाजूची रचना बहुतेक गाड्यांमध्ये थोड्याफार फरकाने सारखीच असते. शिक्षकाला ही गाडी फार सोयीची. तक्ते, लेझीम, पाण्याचा जार, स्नेहसंमेलनाचा सगळा पसारा, सगळं एका खेपेत जातं.

दिवाळीनंतर एका गतिरोधकावर आमची गाडी हळू झाली आणि मागून आलेला छोटा टेम्पो येऊन टेकला. 'टेकला' हा शब्द टेम्पोवाल्या दादांचा. आवाज बराच झाला. उतरून बघितलं तर बंपरवर एक ओरखडा, बाकी काही नाही. प्लॅस्टिक आत गेलं होतं ते टप्प करून परत बाहेर आलं होतं. गॅरेजवाले मिस्त्रीही बघून म्हणाले, "मॅडम, काही नाही झालेलं. बफिंग मारतो, ओरखडा जाईल."

मी म्हटलं, खोलून बघू.

इथे थोडं थांबून सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी बंपर म्हणजे ते बाहेरचं रंगवलेलं प्लॅस्टिक असंच धरलेलं असतं. ते नुसतं आवरण आहे. त्याच्या मागे आडवी पट्टी असते, लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची. ही पट्टी आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये डावी-उजवीकडे दोन धक्काशोषक बसवलेले असतात. काही गाड्यांत हे पातळ पत्र्याचे, घड्या पडतील असे डबे असतात. काहींमध्ये पट्टीच्या बाहेरच्या अंगाला फोमचा लांब ठोकळा असतो, आणि काहींमध्ये डबे आणि फोम दोन्ही. अमेरिकेत 1973 च्या मॉडेलांपासून नियम आला की गाडीने समोरून ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर वेगाचा धक्का सोसला पाहिजे आणि दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही तोच वेग लागू झाला. तेव्हा तिथल्या व्होल्वो 240 सारख्या गाड्यांना तेल-वायूचे दट्टे असलेले शोषक आले, दाबले जायचे आणि परत बाहेर यायचे. तिथले जुन्या एस्टेट गाड्यांचे शौकीन आजही ते बदलत बसतात. असा शोषक कधी तापवायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही. आत दाबाखाली वायू असतो, तो फुटू शकतो. 1982 मध्ये तिकडे नियम सैल करून वेग निम्म्यावर आणला, ती वेगळी गोष्ट.

आमची गाडी खोलली. आधी मागचे दोन्ही दिवे काढले, मग चाकांच्या कमानीतले स्क्रू, मग खालच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. वीस वर्षांच्या क्लिपा शाबूत निघत नाहीत, नव्या आणून ठेवलेल्या बऱ्या. आवरण ओढायच्या आधी नंबरप्लेटच्या दिव्याची वायर सोडवली. आवरण दोघांनी दोन्ही टोकांना धरून काढलं, एकट्याने ओढलं तर मधोमध वाकतं. आणि मग दिसलं. डाव्या बाजूचा डबा निम्म्याहून जास्त चेपला होता, हार्मोनियमच्या भात्यासारखा. त्याच्यापुढचा फोम दोन तुकडे होऊन आत लोंबत होता. बाहेरून मात्र गाडी ठणठणीत.

मिस्त्री पण जरा गप्प झाले. मग म्हणाले, "फोम नसला तरी चालतंय मॅडम. निम्म्या गाड्या बिनफोमच्याच फिरत्यात."

फिरत असतील. पण हिशेब करून बघा. एक टनाची गाडी ताशी 8 किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोड्याच जास्त वेगाने, मागे भिंतीवर आदळली, तर तिच्यात जवळजवळ अडीच हजार ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं 5 मीटरवरून खाली पडलं की तेवढी होते. ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. शोषक 5 सेंटिमीटर दबला, तर गाडीवर सरासरी पाच टन वजनाएवढं बल येतं. शोषक नाही आणि सगळं 1 सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर तेच पंचवीस टन. ऊर्जा तेवढीच, फक्त थांबायला मिळालेली जागा कमी. आपण चेंडू झेलताना हात मागे घेतो, ते हेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. ताशी 16 किलोमीटरला शोषकाचं काम संपतं आणि सांगाडा दुमडायला लागतो. म्हणजे हा भाग गाडीचा खर्च वाचवायला आहे, महामार्गावर जीव वाचवायला नाही. त्यासाठी पट्टा आहे, आणि सीटवरची उशी आहे. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला असावा. मागून धक्का बसला की मान जाते ती बहुधा ही उशी खाली दाबून ठेवल्यामुळे. आज घरी गेल्यावर बघा.

नवे डबे कुठे मिळेनात. शेवटी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे मिळाले. जुना भाग घ्यायचा असेल तर एक सांगते: उजेडात धरून कडेने बोट फिरवा. एकही सुरकुती लागली तर तो आधीच वापरला गेलेला आहे, फुकट मिळाला तरी घेऊ नका. उजवा डबा चांगला दिसत होता तरी दोन्ही बदलले. एक ताठ आणि एक थकलेला असला तर पट्टी तिरकी बसते. त्याआधी मिस्त्रींनी सुतळीने सांगाड्याची तिरकी मापं घेतली, डावीकडून उजवीकडे आणि उलट. दोन्ही सारखी आली म्हणजे सांगाडा वाकलेला नाही. ते सुतळीचं माप मला फार आवडलं. चौथीत आपण आयताचे कर्ण शिकवत नाही, पण खरं तर दाखवता येतील. एक बोल्ट गंजून बसला होता, त्याच्यापायी दीड तास गेला. बसवताना सगळे बोल्ट आधी सैल ठेवले, आवरण लावून दोन्हीकडची फट सारखी केली आणि मगच आवळले. सामान अठ्ठावीसशे, मजुरी बाराशे.

चेपलेला डबा मी मागून घेतला. मिस्त्री हसले, पण दिला.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात टेबलावर ठेवला. "हे काय असेल?" डमरू, कुकरचा भाग, पाण्याची टाकी, सगळं झालं. मग प्रयोग. साहित्य अगदी साधं. एक मीटरभर लाकडी फळी, खेळण्यातला ट्रक, त्यात वजनाला खडे, आणि ट्रकच्या टपावर उभं केलेलं खोडरबर. फळीच्या खालच्या टोकाला वीट. फळीच्या वरच्या टोकाखाली पुस्तकं ठेवायची आणि उंची पुस्तकांत मोजायची. नुसता ट्रक विटेवर आदळला तेव्हा दोन पुस्तकांनाच खोडरबर पडलं. मग वहीच्या कागदाची पातळ नळी करून ट्रकच्या तोंडाला चिकटवली. आता तीन पुस्तकांपर्यंत उभं राहिलं. नळी चेपली होती.

"आता परत सोडा," मी म्हटलं. तीच नळी, तीच तीन पुस्तकं. खोडरबर खाली.

वर्गात एकदम शांतता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, "बाई, नळी मेली." मला याहून चांगलं वाक्य सुचलं नसतं. स्पंज लावून बघितला तेव्हा वेगळंच झालं. ट्रक उडी मारून मागे आला आणि खोडरबर पुढे पडलं. शोषकाने धक्का जिरवायचा असतो, परत फेकायचा नसतो, हे मुलांनीच भांडून भांडून काढलं. अर्धा तास गेला, पण जाऊ दे.

याच चर्चेत हेल्मेट निघालं. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर याच नळीसारखा असतो, एकदा जोरात आपटलं की त्याचं काम संपलं. बाहेरून तडा नसला तरी. 2019 च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. त्याहून लहान मुलांसाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेट, मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. वर्गातल्या तेवीस मुलांपैकी हेल्मेट दोघांकडे होतं. त्यातलं एक जिन्यावरून पडलेलं होतं, ते घरी जाऊन त्या मुलाने वडिलांना दाखवलं.

महिन्याभराने क्रीडा स्पर्धा होत्या, अकरा किलोमीटरवर. सहा मुलं न्यायची होती आणि सीटवर चालक सोडून जागा चार. एक पालक सहज म्हणाले, "बाई, दोघं डिकीत बसतील की, मोठी आहे तुमची डिकी. कायम बसतात पोरं." डिकीत पट्टा नाही, उशी नाही, आणि मागून टेम्पो आला तर पहिली दुमडणारी जागा तीच. मी नाही म्हटलं. ते नाराज झाले, उशीर होईल म्हणाले, आणि खरंच झाला. मी दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेतल्या दोघांची पहिली कबड्डीची लढत सुरू होऊन गेली होती. त्यातल्या एकाचेच ते वडील. नंतर मैदानावर ते माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा मात्र गाडीतून उतरताना मागे गेला, बंपरवर थाप मारली आणि मला विचारलं, "बाई, आतली नळी जिवंत आहे ना?"