घाट उतरण्याआधी

ब्रेकला मराठीत धड शब्द नाही. गतिरोधक म्हणावे, तर लोकांना रस्त्यावरचा तो उंचवटा आठवतो, ज्यावर मागच्या बाकावरच्या आजीबाईंचे डोके छताला टेकते. शेवटी आपण 'ब्रेक' हाच शब्द घरात घेतला आणि तो इतका आपलासा केला, की आता लग्नाच्या बोलण्यांनाही ब्रेक लागतो. मात्र हा शब्द ज्या वस्तूचा, तिच्याकडे वाकून पाहण्याची वेळ फारशी कुणावर येत नाही. एंजिनाचे कौतुक होते, रंगाचे होते, हल्ली तर गाडीतल्या पडद्याचेही होते. ब्रेक पॅडविषयी चार शब्द प्रेमाने बोलणारी माणसे मी फक्त आमच्या कंपूत पाहिली.

हा कंपू म्हणजे पुण्यातली आम्ही पाचसहा माणसे. रविवारी उजाडायच्या आत गाड्या काढायच्या, ताम्हिणी घाटात जाऊन धुके पाहायचे आणि नऊच्या आत पोह्यांना घरी परत यायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. नाना एस. टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी पहाटे चारला जाग येते, म्हणून आमच्यात आले. एक दातांचे डॉक्टर आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक पोरगा आहे. त्याच्या हातात पहिला पाना आमच्याकडेच पडला. आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई. आमचे 'हे' कंपूत नाहीत. गाडीत बसले की त्यांना झोप लागते. माझ्या चालवण्यावरचा तो विश्वास आहे, असे मी मानते.

गाडीची बारीकसारीक कामे आम्ही आमच्या सोसायटीच्या आवारात मिळून करतो. ब्रेकच्या कामात मात्र एक नियम नानांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. ज्याने बोल्ट आवळला, त्याने तो तपासायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. ह्यात मानापमान नाही. आपलेच अक्षर आपण कितीदाही वाचले, तरी आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत. तीस वर्षे वह्या तपासलेल्या बाईला हे पटवून द्यावे लागले नाही.

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी लेक चिपळूणला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमची जुनी छोटी गाडी आता तिच्याकडे असते. वसुबारसेच्या संध्याकाळी ती दोन मैत्रिणींना घेऊन कुंभार्ली घाट चढून पाटण-उंब्रजवरून घरी आली. गाडी फाटकातून आत शिरताना पुढच्या डाव्या चाकातून एक बारीक किर्र असा आवाज आला. ती म्हणाली, "अगं आई, ते काही नाही. तिकडे एका गॅरेजात दाखवलं. पॅड चांगले आहेत म्हणाले, नुसती धूळ आहे."

आता पॅडच्या रचनेत एक मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक लहानशी जीभ बसवलेली असते. पॅड झिजत झिजत ठराविक मर्यादेला आला, की ती जीभ फिरत्या तबकडीला घासून ओरडू लागते. कुणाच्या तरी मनात केव्हातरी आले असेल, की हा माणूस चाक उघडून पाहणार नाही, तेव्हा चाकानेच बोलावे. ही जीभ धुळीसाठी ओरडत नाही. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तीच गाडी तोच घाट उतरणार होती. त्या रात्री करंज्या तळताना माझे लक्ष कढईत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपू जमला. दसऱ्याला ज्यांना हळदकुंकू वाहिले होते, ती हत्यारे कामाला लागली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल केले, मग जॅक आणि जॅकच्या शेजारी लोखंडी घोडी. नुसत्या जॅकवर विसंबून जो गाडीजवळ बसतो, त्याला नाना चहा देत नाहीत.

चाक निघाले. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि दोन्ही पॅड बाहेर आले. बाहेरच्या पॅडवर पाचसहा मिलिमीटर जाडी शिल्लक होती. आतल्या पॅडवर जेमतेम दीड. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि किडलेल्या दाढेकडे पाहावे तसे पाहिले. त्या गॅरेजवाल्याने चाकाच्या फटींतून डोकावून बाहेरचा पॅड पाहिला असणार. तो खरोखरच चांगला होता. पण कॅलिपर ज्या दोन खिळींवर पुढेमागे सरकतो, त्यांतले ग्रीस वाळून खडा झाले होते. त्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता आणि सगळा भार आतला पॅड एकटाच सोसत होता. घरोघरी असे एखादे माणूस असते. बाहेरून येणाऱ्याला ते दिसत नाही.

पॅड एका चाकाचे बदलून चालत नाहीत. दोन्ही बाजूंची पकड सारखी नसेल, तर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. तेव्हा उजवे चाकही उघडायचे होतेच. लेकीने ओढणी कमरेला खोचली. "उजवं चाक मी करणार," म्हणाली.

मी लगेच हो म्हटले नाही. नानांनी माझ्याकडे पाहिले नाही, पोराला म्हणाले, "ताईंना पाना दे."

खिळी पुसून ब्रेकसाठीचे वेगळे ग्रीस लावायचे असते, ते तिने लावले. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू नये, म्हणून तारेने बांधून ठेवला. नवे पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन परत आत ढकलायला हवा. जुना पॅड मध्ये धरून सुताराच्या शिकंज्याने तो सावकाश दाबायचा, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणीतरी वरच्या डबीतल्या तेलावर नजर ठेवायची, कारण ते वर चढते आणि सांडले तर रंग खाते. ही राखण आमच्या ह्यांच्याकडे दिली होती. ती त्यांनी हातात चकली धरून, पण न झोपता केली.

तेलावरून गोष्ट निघाली. नाना म्हणाले, घाटात उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिले, की एका वळणावर पेडल पोकळ लागते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. लेक पाना खाली ठेवून सांगू लागली. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते. जितके पाणी मुरते, तितके ते कमी उष्णतेला उकळते. गाडीचा सगळा वेग पॅड आणि तबकडी मिळून उष्णतेत बदलतात. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले तर दबत नाही, वाफ दबते. म्हणून पाय जातो. नाना ऐकत राहिले. त्यांच्या पायाला जे इतकी वर्षे ठाऊक होते, त्याचे कारण ते तिच्याकडून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणून सांगतो, ताई, ज्या गिअरात चढलात, त्याच गिअरात उतरा. ब्रेक शेवटी." तेल त्याच वर्षी बदललेले असल्याने आम्ही त्याला हात लावला नाही.

मला त्या वेळी बेर्टा बेंझ आठवल्या. मोटारीचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या कार्ल बेंझची ही बायको. ऑगस्ट 1888 मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलग्यांना घेऊन त्याच्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेत उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. आजच्या पॅडचे मूळ बहुतेक जण त्या चामड्यापाशी नेऊन पोचवतात. पुस्तकांत ही हकिकत शोध म्हणून येते. मला तिच्यात जास्त आवडते ते हे, की फोर्त्सहाइम हे तिचे माहेर होते. आईला भेटायला निघाली होती.

दोन्ही चाके चढली. नट आलटूनपालटून, समोरासमोरचे, गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळले. मग नियम. माझे डावे चाक लेकीने तपासले, तिचे उजवे मी. पाना हातात घेऊन तिच्या चाकापाशी मी बसले, तेव्हा आवारात कुणी बोलेना. एकेक नट पाहिला. एकही हलला नाही. मी दुसऱ्यांदा पाहू लागले, तेव्हा नाना म्हणाले, "बाई, मार्क देऊन टाका."

गाडी हलवण्याआधी पेडल आठदहा वेळा दाबावे लागते. पिस्टन पॅडला जाऊन टेकेपर्यंत पहिले दाब रिकामे जातात. हे जो विसरतो, त्याची गाडी समोरच्या भिंतीत थांबते. लेकीने पेडल घट्ट लागेपर्यंत दाबले. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकून, फटाक्यांचा धूर अजून रस्त्यावर असताना, ती आणि मी मोकळ्या रस्त्यावर गेलो. वेग घ्यायचा, हळुवार उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, ब्रेक निवू द्यायचे, पुन्हा वेग घ्यायचा. नवे पॅड आणि जुनी तबकडी ह्यांची अशी ओळख करून द्यावी लागते. ती चालवत होती. मी शेजारी बसले होते आणि माझा उजवा पाय प्रत्येक वेळी गाडीच्या जमिनीवर दाबला जात होता. तिने ते पाहिले, पण बोलली नाही.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मैत्रिणी, तीन पिशव्या आणि फराळाचे डबे घेऊन गाडी फाटकाबाहेर पडली. किर्र नव्हते. ह्यांनी विचारले, "किती वाजता पोचेल?" मी म्हटले, "घाट दोनच्या सुमाराला लागेल." त्यांनी ते विचारले नव्हते.

साडेतीनला फोन आला. चकलीच्या डब्याचे झाकण नीट लागले नव्हते, सगळ्या चकल्या मऊ पडल्या, अशी तक्रार होती. मी म्हटले, "आणि घाट?"

"घाट?" ती म्हणाली. "होता की."