आकडा हलतोय का?

आमच्या नातेवाइकांत माझ्या नोकरीबद्दल दोन मतं आहेत. आत्याच्या मते मी एसी दुरुस्त करतो. धाकट्या काकांच्या मते मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून मी आजवर कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. आज मात्र सगळं सांगायला लागणार आहे, कारण त्याशिवाय अप्पांची गोष्ट कळायची नाही.

तर, मोठ्या इमारतीत थंड पाण्याची यंत्रं, पंखे, पंप, टाक्या, दिवे अशा शेकडो गोष्टी असतात. प्रत्येक मजल्यावर छोटे कंट्रोलर बसवलेले असतात. ते तापमान, दाब, पाण्याची पातळी मोजतात आणि एका सर्व्हरला कळवतात. यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची, मग ती एकमेकांशी बोलणार कशी? त्यासाठी बॅकनेट नावाची एक सामाईक भाषा आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने ती १९९५ साली प्रमाण म्हणून जाहीर केली. सर्व्हर जोडायचा, त्याला ही भाषा बोलायला लावायची आणि काही बिनसलं तर योग्य माणसाला उठवायचं, हे माझं काम.

या भाषेतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे आकडा एकटा येत नाही. '२४ अंश' या आकड्यासोबत चार खुणा असतात. मर्यादा ओलांडली आहे का, बिघाड आहे का, कुणी हाताने अडवून ठेवलंय का, आणि चौथी, सेवेतून बाहेर आहे का. म्हणजे आकडा काय आहे एवढंच नाही, तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हेही तो सांगतो. निदान सांगायला हवं. पण कंट्रोलरच बंद पडला तर या खुणा पाठवणार कोण? अशा वेळी सर्व्हरवर काही सांगून ठेवलेलं नसेल, तर पडद्यावर शेवटचा आलेला आकडा तसाच राहतो. हिरवागार.

२०२४ च्या मे महिन्यात मी पुण्यात एका मोठ्या दवाखान्याच्या इमारतीत हेच करत होतो. कामाचं नाव 'सिस्टीम स्टेटस मॉनिटरिंग'. खोली गरम झाली की अलार्म, हे सोपं असतं. पण खोली गरम झाली हे सांगणारा जागा आहे का, हे कोण बघणार? म्हणून सर्व्हरने प्रत्येक कंट्रोलरला ठरावीक वेळाने हाक मारायची. तीन हाकांना ओ आली नाही की अलार्म. एकाच हाकेला नाही, नाहीतर रात्रभर खोटे अलार्म वाजतात आणि चौथ्या दिवशी वॉचमन आवाजच बंद करून टाकतो. (हे मी पाहिलेलं आहे.) सर्व्हरच्या डिस्कवर जागा किती उरली, घड्याळ बरोबर आहे का, काल रात्रीचा बॅकअप झाला का, हेही तपासायचं. आणि सर्व्हरच मेला तर? मेलेला सर्व्हर 'मी मेलो' असं सांगू शकत नाही. म्हणून एक रिले अशी लावायची की सर्व्हर जिवंत असेपर्यंतच ती ओढलेली राहील. तो गेला की रिले सुटते आणि घंटा वाजते.

हे सगळं त्या आठवड्यात मी तिथल्या पोरांना फार रुबाबात शिकवत होतो.

आता नव्या पेठेत या. सोलापूरची नवी पेठ म्हणजे कापडाची दुकानं, गर्दी, आणि दुकानांच्या डोक्यावर जुनी घरं. आमचं घर तसंच, दुसऱ्या मजल्यावर. अप्पांनी खालचं दुकान कधीच दुसऱ्याला चालवायला दिलंय, आई गेल्यापासून वर एकटेच राहतात. तेव्हा आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, तेही कधी पहाटे, कधी रात्री दोनला. खालच्या हौदात ते भरायचं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. ही रात्रीची जागरणं वाचावीत म्हणून मी आदल्या दिवाळीत तिथे एक छोटा कंट्रोलर बसवला होता. हौदात पाणी आलं आणि टाकी रिकामी असली की पंप आपोआप चालू. टाकी किती भरली तो आकडा खालच्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर, आणि तिथून पुण्यात माझ्या मोबाईलवर. पंप हाताने चालू करायचं बटणही होतं, पण गच्चीवर खेळणाऱ्या पोरांनी दाबू नये म्हणून मी ते पेटीच्या आत घेतलं आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पुण्याच्या ड्रॉवरमध्ये. घरी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "आता मला पुण्यातनं सगळं दिसतं."

त्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या समोरच्या दुकानदार काकांचा फोन आला. अप्पा रोज दहाच्या सुमाराला पेपर घेऊन खालच्या पायरीवर येऊन बसतात. शटर उघडायची वेळ आणि अप्पांची वेळ एकच. त्या दिवशी आले नाहीत. काकांनी अर्धा तास वाट बघितली आणि वर गेले. आदल्या रात्री अप्पा जिन्यात बादलीसकट घसरले होते. मनगट सुजलेलं, कंबर धरलेली.

बादली कशाला, हेच मला कळेना. मोबाईल बघितला. टाकी ६२ टक्के.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. संध्याकाळी पोचलो तोवर काकांनी मनगटाला प्लास्टर घालून आणलं होतं. मी गच्चीवर गेलो आणि टाकीचं झाकण उघडलं. तळाला बोटभर गाळ. एका हातात झाकण, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईल म्हणतोय ६२ टक्के.

झालं असं होतं की विजेच्या चढउतारात गच्चीवरच्या कंट्रोलरचा पॉवर सप्लाय जळाला होता. लॅपटॉप इन्व्हर्टरवर, त्यामुळे तो व्यवस्थित चालू. मोबाईलवर पान उघडत होतं, रंग हिरवा होता, आणि शेवटचा आलेला आकडा तिथे तसाच चिकटला होता. नळाला पाणी येऊन गेलं, हौद भरला, पण पंप चालू करणारं कुणी नव्हतं. बटण कुलपात. म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन दिवस हौदातून दोन मजले बादल्या चढवत होता.

मी थोडा चिडूनच विचारलं, "अप्पा, रोज फोनवर बोलतो आपण. रोज म्हणालात, ठीक आहे. एकदा तरी सांगायचं ना!"

अप्पा म्हणाले, "तूच सांगितलं होतंस की, तुला तिथनं दिसतं म्हणून. मला वाटलं तुला दिसतंय. कामात असशील, जमेल तसं करशील."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही. तीन दिवस ते असं धरून चालले होते की मला माहीत आहे आणि तरी मी काही करत नाही. आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती.

रात्री जेवताना त्यांनीच विषय काढला. "तीन दिवस बासष्टच दाखवत होतं?"

"हो."

"तीन दिवस टाकीचा आकडा हलला नाही, आणि तुला शंका आली नाही? पेपरात उजनीचा आकडा बघ. उणे का असेना, रोज हलतो."

सोलापूरबाहेरच्यांना हा 'उणे' प्रकार विचित्र वाटतो, म्हणून सांगतो. उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा. टक्के मोजायचे ते वरच्या सुमारे ५४ टीएमसीचे, त्यामुळे पाणी मृतसाठ्यात उतरलं की आकडा शून्याखाली जातो. त्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. आकडा वाईट होता, पण जिवंत होता. माझा आकडा छान होता आणि मेलेला होता. दवाखान्यात जे शिकवत होतो ते अप्पांनी भाकरी मोडता मोडता एका वाक्यात सांगितलं.

मग म्हणाले, "मिलचा भोंगा वाजला की लोक घड्याळ लावायचे. पण नाही वाजला की लोक घराबाहेर यायचे." जुनी मिल १८७७ सालची, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. भोंगे गेले, पण अप्पांच्या पिढीच्या कानात ती सवय आहे. शांतता ही बातमी असते. समोरच्या काकांकडेही तीच सवय होती. त्यांच्याकडे सर्व्हर नव्हता, पण दहा वाजता पायरी रिकामी दिसली एवढं त्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी सगळं उघडलं. बटण कुलपाबाहेर काढलं, अप्पांच्या हाताला येईल असं दाराजवळ लावलं. कंट्रोलरला बॅटरी दिली. मोबाईलवर आकड्याखाली 'किती मिनिटांपूर्वीचा' हे लिहायला लावलं, आणि दहा मिनिटांहून जुना झाला की आकडाच दिसणार नाही, नुसती करडी रेघ दिसेल, सोबत अलार्म. लॅपटॉप स्वतः दर पाच मिनिटांनी पुण्याला 'आहे' म्हणून कळवतो. ते आलं नाही तर पुण्याचं यंत्र ओरडतं. सोमवारी दवाखान्यात जाऊन टाक्यांची यादी पुन्हा काढली. जिथे पातळी बारा तास जराही हलली नाही तिथे 'आकडा तपासा' अशी सूचना टाकली. आणि कागदावर सही करण्याआधी प्रत्येक कंट्रोलरची वायर खरोखर उपटून बघितली. पोरं म्हणाली, सर, एवढं कशाला? मी काही सांगितलं नाही.

फोनवर आता मी 'कसे आहात' विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मी विचारतो, आज पायरीवर कोण कोण आलं होतं, भाजी काय आणली, पेपरात काय होतं. उत्तर रोज वेगळं येतं.

अप्पांनी मात्र स्वतःची तपासणी सुरू केली आहे. महिन्यातून एकदा, मला न सांगता, ते गच्चीवर जातात, वीज आणि बॅटरी दोन्हींच्या वायरी काढतात आणि घड्याळ लावून बसतात. परवा मीटिंगमध्ये होतो, अलार्म आला, बाहेर येऊन फोन लावला.

"अकरा मिनिटं," अप्पा म्हणाले. "समोरच्याला अर्धा तास लागला होता."