केळीच्या बागेपासून परळपर्यंत

३ डिसेंबर, जळगाव
तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटने आज थेट विचारलं, "ताई, केमो सोडून हळदीच्या कॅप्सूल घेऊ का?" नाही म्हटलं, ठामपणे. काचेच्या नळीत हळदीतलं कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशींना रोखताना दिसतं, पण गिळल्यावर त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी सोबत मिऱ्यातलं पायपेरीन दिलं, तर शोषण वीसपट वाढलं. मात्र हेच पायपेरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. म्हणून भाजीतली हळद खुशाल खावी, कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

७ डिसेंबर, रावेर
केळीच्या बागांत कापणी चालू. हिरव्या घडांकडे बघताना ब्रिटनच्या संशोधकांचा अभ्यास आठवला, २०२२ मध्ये छापलेला. लिंच सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरचा आनुवंशिक धोका असलेल्या सुमारे हजार जणांपैकी निम्म्यांना रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च पुडीतून दिला. त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर कमी झाला नाही. पण जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका अशा इतर अवयवांचे कॅन्सर निम्म्याहून कमी आढळले. असा स्टार्च किंचित हिरवट केळ्यात असतो, पिकताना त्याची साखर होते. सर्वांना हेच लागू पडेल असं मात्र म्हणता येत नाही.

११ डिसेंबर, धुळे
आजचा दिवस जड गेला. रेडिएशनने तोंड सोललेल्या मावशींना घरचे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भरवू बघत होते, कारण कुणीतरी "चोथा खा, प्रतिकारशक्ती वाढते" असं सांगितलेलं. त्याला आधार आहे: २०२१ च्या अमेरिकी अभ्यासात, इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या कॅन्सरच्या) रुग्णांपैकी दिवसाला किमान २० ग्रॅम तंतू (चोथा) खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. आतड्यातले जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेटसारखे पदार्थ बनवतात, त्यांचा रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम होतो. दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्यांचा तसा फायदा दिसला नाही. पण मावशींना इम्युनोथेरपी नाही, आणि घास गिळतानाच डोळ्यांत पाणी येतं! आज त्यांचं वजन टिकवणं पहिलं. भाकरी बंद. मऊ खिचडीत तूप, पातळ वरण, दह्यात कुस्करलेलं पिकलं केळं आणि बिनमिरचीचं भरीत सांगितलं. सुनेला म्हटलं, थोडं थोडं, दर दोन तासांनी.

१२ डिसेंबर, धुळे
रात्री मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाचे दोन अभ्यास वाचले. पहिल्यात शस्त्रक्रियेआधी तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं अगदी सूक्ष्म मात्रेत दिलं. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या खुणा गाठीत कमी झाल्या. अभ्यास छोटा, प्राथमिक आहे. द्राक्षं खाऊन हे साधणार नाही.

दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये कमी मात्रेच्या केमोला निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची, नुसत्या २० मिलिग्रॅमची जोड दिली, दर तीन आठवड्यांनी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो, आणि त्याचा खर्च इथल्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आमच्या जिल्ह्यांत हा छोटा डोस घराजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळायला हवा. परळला राहायची सोय किती जणांकडे असते?