नाव उनं का?

आमच्या पिढीला सरकार कळायचं ते कानाने. गावात कोतवालाची दवंडी, घरात आकाशवाणीचं जळगाव केंद्र, आणि धुळ्याची सकाळची एसटी शिंदखेड्याच्या स्थानकात शिरली की पेपरांचा गठ्ठा. सुतळी सुटायची आणि एक अंक सलूनमध्ये, एक हॉटेलात, एक सोसायटीच्या ओट्यावर जायचा. ओट्यावर वाचणारा एक, ऐकणारे दहा-पंधरा. कर्जाचं पुनर्गठन, पीक विम्याची मुदत, कापसाचा हमीभाव असं काही आलं की वाचणारा थांबायचा आणि तीच गोष्ट अहिराणीत सांगायचा. एक जण शंका काढायचा, दुसरा उत्तर द्यायचा, तिसरा म्हणायचा की उद्या तहसीलला जातोच आहे, विचारून येतो. कळलं तर सगळ्यांना कळायचं, चुकलं तर सगळ्यांचं चुकायचं.

आता तीच बातमी ज्याच्या त्याच्या खिशात येते. हप्ता जमा झाला, हप्ता थांबला, केवायसी करा, फार्मर आयडी काढा, अमुक तारखेच्या आत आधार जोडा. ओटा तसाच आहे, माणसंही संध्याकाळी बसतात, पण प्रत्येक जण आपापला मेसेज वाचतो. शेजाऱ्याचा हप्ता का थांबला हे शेजाऱ्यालाच ठाऊक नसतं, तर दुसऱ्याला कुठून असणार?

तेव्हा यादी लागायची. कर्जमाफी असो, घरकुल असो, दुष्काळाचं अनुदान असो, कागद चावडीच्या भिंतीला चिकटवला जायचा. त्याच्यासमोर गर्दी, आणि ओळीवरून खाली सरकणारं एखाद्या शिकलेल्या पोराचं बोट. मागून आवाज यायचा, "आप्पा, नाव उनं का?" नाव आलं नसेल तर ते गावादेखत आलेलं नसे. जो जिवंत नाही त्याचं नाव आलं असेल तर तेही गावादेखतच.

आम्ही तालुक्याचे वार्ताहर त्या भिंतीवर अवलंबून होतो. आमच्यातला कोणी शाळामास्तर, कोणी पेपरचा एजंट, कोणी मेडिकलवाला. कागदांमध्ये कार्बन घालून बातमी लिहायची, पाकिटात घालून धुळ्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि दोन दिवसांनी ती छापून आली का ते पाहायचं. यादीतली चूक ही हक्काची बातमी होती, कारण चुकीला पत्ता असायचा. तलाठ्याने लिहिलं, सर्कलने तपासलं, नायब तहसीलदारांनी सही केली. तीन टेबलं आणि तीन माणसं, आणि तिघांना विचारता यायचं.

आज तहसीलमधला कारकून स्क्रीन आपल्याकडे वळवून दाखवतो, "पोर्टलवर दिसत नाही, वरून झालंय." तो खोटं बोलत नसतो, त्यालाही तेवढंच दिसतं. त्या "वर"चा पत्ता तालुक्याच्या बातमीदाराला सापडत नाही. मग तो मिळेल ते छापतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली प्रेसनोट, शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं, आणि वर "तात्काळ करा, अन्यथा हप्ता बंद". लोक घाबरून सेवा केंद्रावर धावतात. नाव का गळलं, किती जणांचं गळलं, परत कसं घालायचं, हे बातमीत नसतं.

पण जुन्या भिंतीचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो. त्या यादीत कोणाचं नाव येणार हे अनेकदा आधीच ठरलेलं असायचं. तलाठी शेतात न जाता कडुनिंबाखाली बसून पीक पाहणी लिहायचा, आणि कपाशीच्या शेतात ज्वारी लागायची. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी दोन खेपा व्हायच्या. ओट्यावर बाया कधी नव्हत्या, आणि गावाबाहेरच्या भिलाटीपर्यंत वाचणाऱ्याचा आवाज पोहोचत नव्हता. पेपरात कोणाविरुद्ध काय येणार नाही, हे बरेचदा जाहिरातीच्या पानावर ठरायचं. आमच्याच तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सौर प्रकल्पासाठी जमीन गेली, न्याय्य मोबदल्यासाठी या वृद्ध शेतकऱ्याने वर्षानुवर्षे खेटे घातले, २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला. टेबलंही होती, माणसंही होती, सह्याही होत्या. कागदाच्या काळाबद्दल हळवं होताना आम्हाला विखरण विसरता येत नाही.

आज डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर १५ रुपयांत निघतो. १ मे २०१८ पासून ही सोय आहे आणि ती खरोखर मोठी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. रेंज नसेल तर ताटकळतो, पण कपाशीला कपाशी लागते.

हप्ते आणि केवायसी ज्यावर चालतात त्या आधारचा पाया खान्देशातच घातला गेला, हे आमच्या पोरांना सांगितलं की ती चकित होतात. तापी ओलांडली की शहादा तालुका, १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यातला. तिथल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक गावातल्या एका कष्टकरी बाईंना मिळाला. त्या दिवशी देशभरचे बातमीदार टेंभलीत होते, आणि या बाईंच्या आयुष्यात काय बदललं हे विचारायला पुढच्या वर्षांतही ते पुन्हा पुन्हा गेले. त्या बातम्यांत आनंद कमी आणि प्रश्न जास्त होते. आम्हाला त्या बातमीदारांबद्दल आदर वाटतो. समारंभाला जाणं सोपं असतं, पाच वर्षांनी त्याच दारात जाणं अवघड.

पैशाचंही असंच. पूर्वी सुरतहून मनीऑर्डर यायची. आमच्या तालुक्यातली कितीतरी पोरं लूमवर कामाला गेलेली. पोस्टमन दारात सायकल लावायचा, ओसरीवर बसून नोटा मोजायचा, साक्षीदाराला बोलवायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असे. "तब्येत सांभाळ, बैलाला पेंड आण, दिवाळीला येतो." पोस्टमनच ते वाचून दाखवायचा आणि ती चिठ्ठी म्हातारी देव्हाऱ्याजवळ ठेवायची. शंभराला पाच रुपये टपाल खात्याचे, चहापाणी वेगळं, आणि पैसे कधी पंधरा दिवसांनी.

आता यूपीआयने पैसे क्षणात येतात. एप्रिल २०१६ मध्ये ही सोय सुरू झाली आणि आज दोंडाईच्याच्या मिरची बाजारात चहाच्या टपरीवरही डबी मोठ्याने रक्कम सांगते. म्हातारीला पंधरा दिवस थांबावं लागत नाही, कोणाला चहापाणी द्यावं लागत नाही. ओळी तेवढ्या येत नाहीत. फोन होतो, ऐकू येतो आणि संपतो. देव्हाऱ्याजवळ ठेवायला काही उरत नाही.

सरकारच्या पैशाचं मात्र आणखी वेगळं आहे, आणि ते कोणीतरी सावकाश समजावून सांगायला हवं होतं. २०२४च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी बँकांबाहेर ज्या रांगा लागल्या, त्यांत हा गोंधळ उघडा पडला. महिन्याचे १५०० रुपये फॉर्मवर लिहिलेल्या खात्यातच येतील असं बायांना वाटत होतं. पण हा पैसा आधार क्रमांकावर निघतो, आणि तो आधार थेट लाभासाठी शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला असेल तिथे जाऊन पडतो. कधीकाळी बचत गटासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी उघडलेलं विस्मरणातलं खातं. पैसा तिथे, आणि बाई इथे रांगेत. हे तीन वाक्यांत सांगता येतं. ते पेपरांत पहिल्याच दिवशी पहिल्या पानावर हवं होतं. बायांनी ते एकमेकींना रांगेत सांगितलं. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि पतीचा किंवा वडिलांचाही आधार मागितला गेला, तेव्हा जिला दोघंही नाहीत तिने काय करायचं, हा प्रश्नही आधी रांगेतच उठला. ज्या बायांना आमच्या ओट्यावर जागा नव्हती, त्यांनी स्वतःचा ओटा रांगेत उभा केला, हे आम्ही मनापासून मान्य करतो.

अशा यंत्रणेकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी पत्रकारिता नाहीच, असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये चंदीगडच्या "द ट्रिब्यून"च्या बातमीदार महिलेने ५०० रुपयांत आधारच्या माहितीपर्यंत कसं पोहोचता येतं हे छापलं. तिचंच नाव गुन्ह्याच्या नोंदीत आलं आणि देशभरच्या संपादकांना तिच्या बाजूने उभं राहावं लागलं. हे प्रश्न आपल्यापुरतेच नाहीत. केनियात "हुडुमा नांबा" या राष्ट्रीय ओळख क्रमांकाविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये, माहितीच्या सुरक्षेचा अभ्यास आधी केला नाही म्हणून, उच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी बेकायदा ठरवली. फिलिपिन्स, मोरोक्को यांनी ओळखपत्रासाठी बंगळुरूत तयार झालेली "मोसिप" प्रणाली घेतली. म्हणजे टेंभलीत विचारलेला "काय बदललं?" हा प्रश्न आता मनिलाजवळच्या गावातही लागू पडतो. तो विचारणारा बातमीदार मात्र तालुक्याच्या पगारावर, खरं तर बिनपगारी, जगतो आहे. पूर्वीही बिनपगारीच होता, पण तेव्हा त्याला निदान भिंत वाचता येत होती.

त्या भिंतीचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी सरकारने आपणहून जाहीर करायचे आहेत. पीएम-किसानची गाववार यादी संकेतस्थळावर आहे; राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं येतात. कोणत्याही सेवा केंद्रात ती छापता येते. ग्रामपंचायतीने ती दर हप्त्याला चावडीला लावावी, गळलेल्या नावांपुढे कारण लिहावं, आणि आमच्या जागी आलेल्या तरुण बातमीदाराने तिच्यासमोर दिवसभर उभं राहावं. केवायसीची शेवटची तारीख छापण्यापेक्षा त्या दिवसात त्याला जास्त बातम्या मिळतील, आणि मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्याला आपलं नाव विचारायला एक जागा मिळेल.