लाल शाईची रेघ

बारावी वाणिज्यला मी 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' शिकवते. मुलं त्याला ओ.सी. म्हणतात, आम्ही शिक्षकही तेच म्हणतो. तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय आहे. निम्म्याहून जास्त मुलं दुपारनंतर कुठे ना कुठे कामाला जातात. कुणी मेडिकलमध्ये, कुणी भुसार दुकानात, कुणी वडिलांच्या वडापावच्या गाडीवर. ओ.सी.च्या उजळणीबाबत या मुलांशी मी बरीच वर्षं जे वागले ते चुकीचं होतं. ते इथे लिहिते आहे.

पहिली चूक बोलण्यातली. जूनमध्ये पहिल्याच तासाला मी सांगायचे, "ओ.सी.ला घाबरू नका. हिशेब नाहीत, सूत्रं नाहीत. शेवटच्या आठ दिवसांत होतो हा विषय." मुलांना धीर यावा म्हणून बोलायचे, पण मुलांनी ते अक्षरशः खरं मानलं. पुस्तपालन, अर्थशास्त्र, इंग्रजी यांना दिवस मिळाले आणि ओ.सी. फेब्रुवारीवर गेला.

दुसरी चूक नोट्सची. व्यवस्थापनाची तत्त्वे हा पहिलाच धडा, त्यात हेन्री फेयॉल यांची 14 तत्त्वं. प्रत्येक तत्त्वाला चार ओळी मी फळ्यावर लिहून द्यायचे आणि चौदा आद्याक्षरांची एक ओळ करून पाठ करून घ्यायचे. पेपर लिहायला बसल्यावर मुलं आधी समासात पेन्सिलीने ती ओळ लिहायची. नावं बहुतेक सगळी यायची, पण नावाखाली काय लिहायचं तिथे हात थांबायचा. 'समता' आणि 'सुव्यवस्था' यांची अदलाबदल व्हायची. याच धड्यातल्या टेलर यांची 'मानसिक क्रांती' फेयॉलच्या यादीत जाऊन बसायची. अशा उत्तरांवर लाल रेघ मारून मी पुढच्या पेपरकडे वळायचे. एकाच गठ्ठ्यातल्या वीस मुलांची चूक जर एकाच ठिकाणी होत असेल, तर ती शिकवणाऱ्याची असते. हे मला फार उशिरा सुचलं.

तिसरी चूक एका मुलीच्या बाबतीत झाली. ती मला आजही टोचते.

ही मुलगी कॉलेज सुटल्यावर बाजारपेठेतल्या एका कापड दुकानात कामाला जायची. ऑक्टोबरच्या चाचणीत 4 गुणांचा प्रश्न होता, 'आदेशाची एकवाक्यता हे तत्त्व स्पष्ट करा'. तिने लिहिलं होतं: दुकानात मालक सांगतात, साड्यांच्या घड्या घाल. त्याच वेळी मालकांचा मुलगा म्हणतो, काउंटरला उभी राहा. मग घड्याही अर्ध्या राहतात, गिऱ्हाईकही खोळंबतं आणि दोघांची बोलणी मला बसतात. म्हणून एका कामगाराला हुकूम देणारा माणूस एकच पाहिजे.

फेयॉल यांचं म्हणणं याहून वेगळं नाही. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, नाहीतर शिस्त बिघडते आणि जबाबदारी कुणाची ते कळत नाही. तिने ते सगळं लिहिलं होतं. मी त्या उत्तरावर उभी रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'पाठ्यपुस्तकातील भाषा हवी', आणि 4 पैकी 1 गुण दिला. बोर्डाचा तपासणारा नेमके शब्द शोधतो, तर आत्तापासून सवय लागू दे, असं माझ्या मनात होतं. हेतू वाईट नव्हता. पण त्या रेघेने जे खोडायला नको होतं तेच खोडलं गेलं.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. त्या पेपरात घटना देऊन मत विचारणारा प्रश्न होता. एका कारखान्यातल्या कामगाराला उत्पादन अधिकारी आणि विक्री अधिकारी दोघेही वेगवेगळी कामं सांगतात, तर कोणत्या तत्त्वाचं उल्लंघन होतं? ही तर तिच्या रोजच्या संध्याकाळची गोष्ट. तिने उत्तर लिहिलं, 'दिशेची एकवाक्यता'. खाली माझ्याच नोट्समधला परिच्छेद, एकही शब्द न चुकवता: समान उद्दिष्ट असलेल्या कामांसाठी एक प्रमुख आणि एक योजना असावी. अक्षर सुंदर होतं, मुख्य शब्दांखाली पट्टीने रेघा ओढल्या होत्या. उत्तर मात्र पूर्ण चूक.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. "अगं, ऑक्टोबरमध्ये तुला हे येत होतं. आता काय झालं?"

ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, दोन्ही नावांत एकवाक्यता होतं. नोट्समधलं जे आधी आठवलं ते लिहिलं. दुकानाचंच लिहिणार होते, पण तुम्ही मागच्या वेळी ते खोडलं होतं."

मला उत्तर देता आलं नाही. तिच्यासमोर बसून मी टेबलावरच्या पेपरांच्या कडा सारख्या करत राहिले.

त्या रात्री मी माझ्याच नोट्स काढून वाचल्या. आदेशाची एकवाक्यता आणि दिशेची एकवाक्यता या दोन्हींखाली मी कारखान्यातल्या व्यवस्थापकाचं जवळजवळ एकच उदाहरण दिलेलं होतं. पहिलं तत्त्व एका माणसाबद्दल आहे, त्याला सांगणारा एक हवा. दुसरं कामांच्या गटाबद्दल आहे, त्या गटाला दिशा एक हवी. मला हा फरक माहीत होता, पण फळ्यावर मी तो कधी मांडलाच नव्हता. शिवाय 'फरक स्पष्ट करा'ला बोर्डात 12 गुण आहेत. मी तो प्रश्न फक्त पुस्तकात तक्ता असेल तिथेच शिकवायचे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या धड्यात मी 'नियंत्रण' दरवर्षी शिकवते. प्रमाण ठरवा, प्रत्यक्ष काम मोजा, तुलना करा, तफावत शोधा, उपाय करा. माझ्या स्वतःच्या उजळणीत यातलं काहीही नव्हतं. नोट्स दिल्या, वाचून घेतल्या, 'आलं ना?' विचारलं, सगळ्यांनी 'हो' म्हटलं, पुढचा धडा. कुणाच्या डोक्यात काय उरलंय हे मी पूर्वपरीक्षेपर्यंत मोजतच नव्हते, आणि तेव्हा बोर्डाला जेमतेम महिना उरलेला असायचा.

पुन्हा पुन्हा वाचल्याने आल्यासारखं वाटतं, हे मीही शिकताना अनुभवलं होतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने लिहून काढणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे मला या प्रयोगाआधीही कळायला हवं होतं.

उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं बदललं. तासाची पहिली दहा मिनिटं वह्या बंद. पाठकोरा कागद घ्यायचा, एका तत्त्वाचं नाव फळ्यावर, त्याबद्दल आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि उदाहरण आपण पाहिलेलंच द्यायचं. पुस्तकातली संज्ञा शेवटी, त्या उदाहरणावर बसवायची. बोर्डाला लागणारी भाषा मुलांना येते, पण आधी तिच्या खाली काहीतरी असावं लागतं. दिशेची एकवाक्यता मला एका मुलाने समजावली. त्यांच्या मंडळात गणपतीच्या मिरवणुकीला दोन प्रमुख झाले. एकाने ढोलपथक सांगितलं, दुसऱ्याने बँड, आणि मार्गही दोन ठरले. सगळ्या वर्गाला ते एका मिनिटात कळलं. माझ्या चार ओळींनी इतक्या वर्षांत ते साधलं नव्हतं.

फेयॉल यांच्याबद्दलही मी आता वेगळं सांगते. आधी फक्त '1916, विचारतात' एवढं सांगून त्यांच्या पुस्तकाचं साल लिहून द्यायचे. हा माणूस 1841 मध्ये जन्मला, 19व्या वर्षी एका खाण कंपनीत अभियंता झाला आणि 1888 मध्ये डबघाईला आलेल्या त्याच कंपनीचा प्रमुख होऊन त्याने ती सावरली, हे मुलांना माहीतच नसायचं. खाणीतल्या त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण आहे. कामावरच्या एका घोड्याचा पाय मोडला. फेयॉलने दुसरा घोडा मागितला. तबेलेवाला म्हणाला, चिठ्ठीवर व्यवस्थापकांची सही नाही. व्यवस्थापक बाहेर गेलेले, आणि त्यांच्या जागी सही करायचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. घोडा मिळाला नाही, त्या भागातलं काम बुडालं. ही गोष्ट सांगितल्यापासून 'अधिकार व जबाबदारी' या तत्त्वाखाली कुणाचाही कागद कोरा राहिलेला नाही. टेलरचंही तसंच. बेथलेहेम स्टीलमध्ये फावड्यागणिक किती वजन उचललं तर दिवसभरात सर्वांत जास्त काम होतं, हे त्यांनी मोजून काढलं आणि ते साधारण 21 पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भरलं. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची मुलं वर्गात आहेत. त्यांना टेलर मोजमापाचा माणूस म्हणून लक्षात राहतो, मग तो फेयॉलमध्ये मिसळत नाही.

वाणिज्य शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. पोराने दुकानातलं, शेतातलं, घरातलं उदाहरण लिहिलं तर ते खोडू नका. त्याच्या शेजारी पुस्तकातली संज्ञा लिहून द्या.

त्या मुलीचा चाचणीचा पेपर मी तिच्याकडून मागून घेतला. माझी रेघ खोडली, 1च्या जागी 4 लिहिले, खाली सही आणि तारीख घातली आणि वर्गासमोर तिला परत दिला. निकालपत्रकात मात्र तिचा 1च गुण आहे. ते नोव्हेंबरमध्येच कार्यालयात जमा झालं होतं.