आधी नोंद, मग निष्कर्ष

परीक्षणासाठी शोधनिबंध हाती आला की मी तो शेवटून वाचायला घेते. आधी संदर्भसूची, मग कोष्टके, मग संशोधनपद्धती आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना. प्रस्तावना थोड्याफार सरावाने कोणालाही लिहिता येते. लेखकाने काय स्वतः उघडून पाहिले आणि काय दुसऱ्याच्या निबंधातून उतरवून घेतले, हे मात्र संदर्भसूचीत लपत नाही. एकाच लेखाचा एकच चुकीचा पृष्ठांक दोन वेगवेगळ्या निबंधांत सापडला, तर दोघांपैकी निदान एकाने तो मूळ लेख हातात धरलेला नाही, असे मी खुशाल धरून चालते.

ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातले आपल्याकडचे निबंध वाचताना दुसरी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. शीर्षकातले महाविद्यालयाचे नाव झाकले तर कितीतरी निबंध एकमेकांच्या जागी ठेवता येतील. ई-संसाधनांची जाणीव आणि वापर, वाचकांचे समाधान, प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टके, आणि शेवटी ‘ग्रंथालयाने वाचकांना अधिक प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. एम.लिब.च्या मुलाला काही महिन्यांत प्रबंध द्यायचा असतो आणि प्रश्नावली हा सर्वांत जवळचा रस्ता असतो. पण ज्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नावली वाटण्याआधीच सगळ्यांना ठाऊक आहे, तो संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या शास्त्रातले मोठे प्रश्न कामाच्या अडचणीतून उभे राहिले. १९२७ साली पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांनी ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला. छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाने मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, एवढाच त्यांचा सवाल होता. उत्तरासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा अख्खा खंड घेतला आणि त्याच्या तळटीपांत कोणत्या नियतकालिकाचा उल्लेख किती वेळा आला ते मोजले. उद्धरणांची मोजणी हे पुढे मोठे शास्त्र झाले. सुरुवातीला मात्र ती खरेदीची यादी ठरवण्यासाठी केली गेली.

लंडनच्या सायन्स म्युझियम लायब्ररीचे सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांचे उदाहरण मला त्याहून आवडते. एखाद्या विषयावरचे लेख त्या विषयाच्या नियतकालिकांतच सापडतील अशी आपली समजूत असते. ब्रॅडफर्ड यांनी उपयोजित भूभौतिकीवरचे लेख मोजून घेतले. पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते. पुढच्या ५९ मध्ये ४९९. आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत विखुरलेले होते. म्हणजे एकूण लेखांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा असा, की तो शोधायला कोणी सहसा जाणारच नाही. १९३४ साली त्यांनी हे मांडले. आज एम.लिब.च्या वर्गात ‘ब्रॅडफर्डचा नियम’ म्हणून सूत्र पाठ होते. ते आकडे जमवण्यासाठी आधी एकेक लेख पाहून त्याची नोंद करावी लागली होती, हे सांगायचे राहून जाते.

मराठीत असे एकेक नोंद करण्याचे काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ माझ्या टेबलावर कायम असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासावर, कोकणातल्या छापखान्यांवर, स्त्रियांच्या लेखनावर, कशावरही काम करणारा माणूस आला की आम्ही दोघे आधी ‘दाते’ उघडतो. पुढे शरद केशव साठे यांनी हे काम पुढे नेले. आज या दोन माणसांच्या श्रमांना आपल्या संशोधनाच्या गुणांकनात कोणत्या रकान्यात बसवायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही. सूची म्हणजे निबंध नव्हे. तिच्यात गृहीतक नाही, निष्कर्षाचे प्रकरण नाही. पण तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला गृहीतक मांडता येत नाही.

मी स्वतः फावल्या वेळात जुन्या मराठी मासिकांची लेखसूची करते, म्हणून या कामात डोके कुठे लागते ते सांगू शकते. अंक हातात येतो तो बहुधा बांधीव खंडात. बाइंडिंग करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात. महिना, किंमत, छापखाना ही माहिती नेमकी त्याच पानांवर असते. मग पृष्ठांक वर्षभर सलग चालला आहे का ते पाहायचे, पोच आणि अभिप्रायाच्या सदरात कोणत्या नव्या पुस्तकांची नावे आहेत ते पाहायचे, आणि त्यावरून अंकाचा महिना बांधत न्यायचा. वर्ष शक आणि मराठी महिन्यात असेल तर आणखी सावधपणा लागतो. शके १८१२ मध्ये ७८ मिळवून १८९० लिहिले की काम झाले असे वाटते. पण अंक माघ-फाल्गुनातला असेल तर तो १८९१ मध्ये पडतो. या एका वर्षाने ‘हा विचार आधी कोणी मांडला’ या वादाचा निकाल फिरू शकतो.

लेखकाचे नाव ही तर निराळीच तपासणी. कोणी फक्त आद्याक्षरे देतो, कोणी टोपणनाव, कोणी ‘एक वाचक’. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, हे सगळ्यांना माहीत असते. मासिकात एकदाच लिहून गेलेली ‘एक भगिनी’ कोण, हे शोधायला तिच्यानंतरच्या दोन वर्षांचा पत्रव्यवहार वाचावा लागतो, आणि तरीही कधी कधी नोंद तशीच ठेवावी लागते. ती तशी ठेवण्यालाही हिंमत लागते. अंदाजाने नाव घातले की पुढचे पन्नास संशोधक ते खरे मानून चालतात.

कादंबरी पुस्तकरूपाने आली ते वर्ष आणि वाचकांच्या हाती पडली ते वर्ष एक नसते, हेही सूचीकारालाच आधी दिसते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. ती कादंबरी त्या काळच्या घरांत आठवड्या-आठवड्याने पोचत होती. या वाचनाचा अभ्यास करायचा तर पुस्तकाची पहिली आवृत्ती पुरेशी नाही, ‘करमणूक’चे अंकच चाळावे लागतात.

हे सगळे जुन्या कागदांपुरते आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून अलीकडची गोष्ट सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. प्राध्यापकांच्या बढत्या आणि पीएच.डी. त्या यादीशी जोडल्या गेल्या, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके तिच्यात शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या यादीतली १००९ नियतकालिके तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निकाल मांडला. त्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त नियतकालिके पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशा प्राथमिक माहितीवरच बाद झाली. निम्म्याहून अधिक खोट्या माहितीवर पकडली गेली: चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर, संशयास्पद अनुक्रमणीत समावेश असल्याचा दावा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली.

पत्ता, संपादक, क्रमांक, अनुक्रमणी. तालिकीकरणाच्या पहिल्या धड्यात आम्ही हेच शिकतो. आयएसएसएनचा आठवा अंक तपासणीचा असतो: पहिल्या सात अंकांना ओळीने ८ ते २ ने गुणायचे, बेरीज करायची, ११ ने भागायचे, उरलेली बाकी ११ मधून वजा करायची (१० आले तर X, ११ आले तर ०). आठवा अंक जुळला नाही तर क्रमांक चुकीचा किंवा बनावट. पेन्सिल आणि कागद पुरतो. जुळला तरी नियतकालिक चांगले ठरत नाही, कारण हा क्रमांक फक्त ओळखीचा आहे, दर्जाचा नाही; पण एवढेही न पाहता लोकांनी त्या नियतकालिकांना पैसे भरले. बहुतेक महाविद्यालयांत ग्रंथपाल होता. शोधनिबंध पाठवण्याआधी त्याला विचारण्याची पद्धत असती, तर कितीतरी तरुण अध्यापकांचे पैसे आणि नाव वाचले असते.

पुढे आयोगाची यूजीसी-केअर यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी आता संस्था आणि संशोधक यांच्यावर आली आहे. मला हे चांगले वाटते. यादीकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची सोय गेली. आता कोणीतरी ते नियतकालिक खरोखर उघडून पाहील, संपादक मंडळातली माणसे त्या विषयातली आहेत का हे विचारील, परीक्षणाला किती दिवस लागले ते तपासील. हे कोणीतरी म्हणजे ग्रंथपाल असावा. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतला ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा नियम १९३१ सालचा. त्यात आता वाचकाला फसवणुकीपासून वाचवणेही आले.

एम.लिब.चा प्रबंध करणाऱ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना म्हणून माझी विनंती आहे. आपल्या गावचे किंवा तालुक्याचे जुने वाचनालय गाठा. तिथे एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचे, शाळेच्या हस्तलिखिताचे, व्याख्यानमालेच्या स्मरणिकांचे खंड असतील. त्यांतले एक निवडा आणि त्याची लेखसूची करा: लेखक, शीर्षक, अंक, पृष्ठांक, विषय, आणि जिथे खात्री नाही तिथे तसे स्पष्ट लिहून. प्रस्तावनेत ती कशी केली, काय सापडले नाही, ते मांडा. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी अशा सूचीला प्रबंध म्हणून मान्यता द्यावी आणि ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी. कागद ठिसूळ होत चालले आहेत, त्यामुळे हे काम याच शैक्षणिक वर्षात सुरू व्हायला हवे.